मामा तलावाच्या तळाशी कॅमेरा

अर्जुनी मोरगाव तालुक्यात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साक्षगंध, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, हेच रोजचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात गावतलावात पाण्याखाली कॅमेरा लावण्याची भर पडली. त्याचे पैसे येत नाहीत, पण मन सगळ्यात जास्त तिथंच लागतं. ही मांडामांड कशी बसत गेली ते लिहून ठेवतो. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याबद्दल, म्हणजे अंगावर किंवा कुठंही लावता येणाऱ्या छोट्या, टणक कॅमेऱ्याबद्दल, मराठीत जे वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक समुद्राचं असतं. तारकर्ली, अंदमान, निळं पाणी, वीस-तीस फुटांवरचा मासा स्पष्ट. आमच्या पाण्यात हात कोपरापर्यंत घातला की कधी कधी बोटंही दिसत नाहीत. समुद्रातले सल्ले इथं जसेच्या तसे चालत नाहीत.

काम सुरू झालं ते गावच्या मच्छीमार संस्थेमुळे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले हजारो तलाव आहेत. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारकडे आले, आणि नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच मामा तलाव. त्यात मासेमारी करतो तो ढिवर समाज. या तलावांत बेशरम नावाची झुडपं माजली, देशी पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्यासोबत देशी मासेही कमी झाले. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर माणसांसोबत बेशरम काढून तळाशी पाणवनस्पती लावण्याचं काम आमच्या भागात उभं केलं. ते पाहून आमच्या गावच्या संस्थेनंही तलावाचा एक कोपरा साफ केला. बायकांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया लावली. वर्षभरानं संस्थेचे अध्यक्ष, आमचे काकाजी, स्टुडिओत आले. म्हणाले, "भाऊ, वरून तं समदं हिरवंच दिसते. खाली मासोऱ्या येऊन राह्यल्या का नाही, थे दाखवता येईन का?"

माझ्याकडे लग्नाच्या वरातीसाठी घेतलेला गोप्रो हिरो ९ हा अ‍ॅक्शन कॅमेरा होता. गोप्रोची ब्लॅक मालिका २०१६ च्या हिरो ५ पासून वेगळ्या केसशिवाय, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या बाहेरच्या डबीशिवाय, १० मीटरपर्यंत पाण्यात चालते. डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन ४ तर १८ मीटरपर्यंत. आमचा तलाव भर पावसाळ्यातही सांडव्याजवळ तीन-साडेतीन मीटरच्या वर जात नाही. म्हणजे खोलीसाठी केस घेण्याची गरज नव्हती. तरी मी घेतली, ती गाळासाठी. तळाचा बारीक गाळ बॅटरीच्या झाकणाच्या रबरात जाऊन बसतो, आणि रबरावर डोक्याचा एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाण्याला वाट मिळते. शिवाय काठावर दगड आहेत, भिंगावर ओरखडा आला की पुढचं प्रत्येक लग्न त्या ओरखड्यातून दिसणार.

केस निवडताना एक गोष्ट कधीही टाळू नका. कॅमेरा आत न ठेवता, नुसता टिश्यू पेपर घडी करून केसमध्ये ठेवा, केस बंद करा आणि दगड बांधून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. मी आधी ऑनलाइन मागवलेल्या एका स्वस्त केसमधला टिश्यू सकाळी एका कोपऱ्यात ओला निघाला. ती परत पाठवली. दुसरी केस कोरडी निघाली, मग तीच दोरीला बांधून डोंग्यातून तलावात सर्वात खोल जागी सोडली, तिथंही कोरडी. त्यानंतरच कॅमेरा आत गेला. हजारोंच्या वस्तूसाठी एक रात्र आणि एक टिश्यू, एवढंच लागतं.

त्याच बादलीत आणखी एक गोष्ट तपासून घेतली. फोनवर कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडायचं, चित्र येत असताना कॅमेरा हळूहळू पाण्यात उतरवायचा. काही सेंटीमीटर आत गेला की चित्र थांबतं. वायफाय आणि ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेतं, कॅमेरा कितीही महागडा असला तरी. टचस्क्रीनही पाण्याखाली काम करत नाही. म्हणून सगळी सेटिंग काठावर करायची, रेकॉर्डिंग सुरू करायचं, लाल दिवा लुकलुकताना डोळ्यांनी बघायचा आणि मगच खाली सोडायचा. वर काढेपर्यंत आपला त्याच्याशी संबंध तुटला, हे धरूनच जागा आणि कोन ठरवावे लागतात.

आता मुद्द्याचं. गावतलावात कॅमेऱ्याच्या आधी पाणी समजून घ्यावं लागतं. ते समजण्यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे भांड्याच्या दुकानातली स्टीलची ताटली. इटलीतल्या अँजेलो सेक्की नावाच्या पाद्री-खगोलशास्त्रज्ञानं १८६५ साली समुद्राच्या पाण्याचा नितळपणा मोजायला पांढरी तबकडी पाण्यात सोडली होती. तळ्या-तलावांसाठी पुढे ती २० सेंटीमीटरची, पांढऱ्या-काळ्या चौथाईंची झाली. मत्स्यपालनवाले आजही तीच वापरतात. मी ताटलीला मधोमध भोक पाडलं, दोन चौथाया पांढऱ्या, दोन काळ्या ऑइलपेंटनं रंगवल्या, खाली जड नट लावला आणि दोरीला दर दहा सेंटीमीटरवर गाठ मारली. ताटली दिसेनाशी होते ती गाठ आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती गाठ, दोन्हींच्या मधलं माप धरायचं.

या ताटलीनं तलावाचा नकाशाच हाती दिला. डिसेंबरमध्ये मोकळ्या पाण्यात ती ७०-८० सेंटीमीटरवर दिसेनाशी होत होती. हायड्रिला लावलेल्या कोपऱ्यात सव्वा मीटरच्या पुढे. वनस्पतींची मुळं गाळ धरून ठेवतात, पानं लाट मोडतात, पाण्यातलं खत स्वतः खातात म्हणून शेवाळ कमी होतं. पलीकडच्या काठाला, जिथं संस्थेनं पूर्वी सोडलेले कॉमन कार्प जास्त आहेत, तिथं ताटली वीतभरातच गायब. हा मासा अन्नासाठी तळ उकरत फिरतो आणि गाळ सतत वर उठवतो. तिथं जगातला कुठलाही कॅमेरा लावला तरी पडद्यावर चहाचा रंगच दिसणार.

एवढ्यानं भागत नाही. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा फोकस कायमचा ठरलेला असतो, साधारण फूटभराच्या आतली वस्तू तो स्पष्ट टिपत नाही. त्यात पाण्यात सपाट काचेतून बघितलं की वस्तू असते त्यापेक्षा जवळ आणि सुमारे एक तृतीयांशानं मोठी दिसते, कारण पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, १.३३. म्हणजे एका बाजूला फोकसची मर्यादा, दुसऱ्या बाजूला गढूळपणाची. मोकळ्या पाण्यात मासा भिंगापासून फूट ते दोन फुटांच्या पट्टीत आला तरच चित्र. त्याच्या अलीकडे तो धूसर आणि पलीकडे हिरव्या धुक्यात. ही पट्टी एकदा डोक्यात बसली की बाकी सगळे निर्णय सोपे होतात. मासा आपल्याकडे फूटभर अंतरावरून जाईल अशी जागा शोधायची. कॅमेरा घेऊन माशाच्या मागे फिरण्यात काही अर्थ राहत नाही, शिवाय आपल्या पायांनी जो गाळ उठतो तो खाली बसायला पाऊण तास घेतो.

म्हणून मी हातात धरायची तरंगती मूठ, छातीचा पट्टा, काठी, यातलं काही घेतलं नाही. तिवई केली. कृषी केंद्रातून पीव्हीसी पाइपचे तुकडे, टी आणि एल्बो आणले. पाइपला जागोजागी छिद्रं पाडली, नाहीतर आत हवा राहून सगळा सांगाडा वर येतो. पायांत जाळ्याला लावतात ती शिसं भरली. वर पाव इंचाचा बोल्ट, त्यावर कॅमेरा अडकवायचा नेहमीचा माउंट. एका पायाला नायलॉन दोरी, दोरीच्या वरच्या टोकाला रिकामी पाण्याची बाटली, म्हणजे जागा वरून कळते. केसला मात्र वेगळी दोरी, तिवईच्या दोरीवर भरवसा नाही. माउंटचा स्क्रू पाण्यात ढिला होतो, हे मी बादलीतच पाहिलं होतं.

उंचीचा प्रश्न बरेच दिवस सुटत नव्हता. तळाला टेकवला तर झिंगे चालताना गाळाचे छोटे ढग उडतात आणि भिंगावर येऊन बसतात. वर घेतला तर पानांचे शेंडे समोर हलत राहतात. शेवटी तळापासून एक वीत वर, तोंड किंचित वरच्या बाजूला, हायड्रिलाच्या दोन झुडपांमधल्या फटीकडे, असा बसवला. वरच्या बाजूला तोंड ठेवल्यानं मागे पाण्यातून झिरपणारा उजेड येतो आणि माशाची कड उठून दिसते. लग्नात नवरीच्या मागे लाइट लावतो त्याच हिशेबानं.

वेळ ठरवली ती म्हशींनी. गावची जनावरं दहाच्या सुमारास पाण्यात उतरतात, त्यानंतर त्या बाजूचं पाणी दिवसभर बसत नाही. दुपारी वारा उठतो. ऊन साडेआठच्या आधी तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडांवरून पाण्यात पडत नाही. राहिला तो साडेआठ ते दहा. डोंगा वल्हवणारे मामा रोज एकच विचारायचे, "रात्री पानी पडला का? पडला असंन तं सकारी गढूर राहीन." ते डोंग्यातून नुसतं बघून जे सांगत, ताटली बहुतेक वेळा तेच दाखवत असे. हंगाम म्हटला तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात शेतातलं पाणी गाळ घेऊन येतं, तो खाली बसायला दिवाळी ओलांडावी लागते, आणि मार्चनंतर पाणी इतकं उतरतं की शेवाळाचा रस्सा होतो.

सेटिंग थोडक्यात सांगतो. रिझोल्यूशन ४के, २५ फ्रेम, कारण नंतर चौकट कापून मासा मोठा करता येतो. स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्राचं हलणं सावरणारी सोय, बंद, तिवईवर त्याची गरज नाही आणि ते बॅटरी खातं. जीपीएस, आवाजावर चालणारं नियंत्रण, वायफाय, मागचा स्क्रीन, सगळं बंद. आयएसओची, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा त्या आकड्याची, वरची मर्यादा ८००, त्यापुढे अंधाऱ्या भागात दाणे येतात. शार्पनेस कमी, नाहीतर पाण्यातला प्रत्येक कण टोचून दिसतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंगांचा तोल, कधीही ऑटोवर ठेवू नका. चंदेरी मासा समोरून गेला की कॅमेरा रंग बदलतो आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. मी ५५०० केल्विनला लॉक करतो आणि सुरुवातीला ताटलीची पांढरी बाजू भिंगासमोर धरतो. एडिटिंगच्या वेळी तिच्यावरून रंग जुळवतो.

फिल्टरबद्दल मात्र जरा जास्त बोलायला हवं, कारण तिथं पैसे फुकट जातात. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यासोबत मिळणारा लाल फिल्टर निळ्या समुद्रासाठी असतो. समुद्रात पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं, काही मीटरवरच लाल उरत नाही. हिरव्या पाण्यात शेवाळ लाल आणि निळा दोन्ही खातं, मधला हिरवा सोडतं. अशा पाण्याला जांभळट-गुलाबी, म्हणजे मॅजेंटा फिल्टर लागतो. पण प्रत्येक फिल्टर उजेडही खातो, आणि एक मीटर गढूळ पाण्याखाली उजेड आधीच कमी. मी मॅजेंटा लावून पाहिला, काढून पाहिला. आमच्या खोलीवर न लावता एडिटिंगमध्ये रंग दुरुस्त केलेलं चित्र जास्त स्वच्छ येतं. तसंच दिव्याचं. पाण्याखालचा टॉर्च कॅमेऱ्याच्या शेजारी लावला तर प्रकाश समोरच्या कणांवरून थेट भिंगात परत येतो आणि पडद्यावर नुसते पांढरे ठिपके पडतात. लावायचाच तर हातभर बाजूला, तिरपा. मी दिवसा दिवा लावणं सोडूनच दिलं.

काचेवर धुकं जमण्यानं मला सगळ्यात जास्त त्रास दिला. केसमधल्या हवेत ओलावा असतो, कॅमेरा चालू झाला की आत गरम होतं, आणि पाण्यानं थंड झालेल्या पुढच्या काचेवर तो ओलावा जमतो. यावर सगळीकडे एकच सल्ला: केस थंड खोलीत बंद करा. हा सल्ला एसीच्या खोलीसाठी ठीक आहे. विदर्भात घराघरांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असतो, आणि कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच. मार्चमध्ये कूलरसमोर बसून बंद केलेली केस पाण्यात जाताच धूसर व्हायची. आता मी ती स्टुडिओच्या कोरड्या खोलीत, कूलर बंद असताना, आदल्या दुपारी बंद करतो. आत धुकं शोषणाऱ्या कागदी पट्ट्या टाकतो. त्या पट्ट्या तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात. काठावर पोचल्यावर केस उघडायची नाही, म्हणून बॅटरी आणि कार्ड घरीच भरून ठेवायचं. केस पाण्यात सोडण्याआधी दहा मिनिटं सावलीत, काठाच्या पाण्यात अर्धी बुडवून ठेवली तरी फरक पडतो.

बॅटरी साधारण तासभर चालते. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटं गाळ खाली बसण्यात आणि माशांचा धीर चेपण्यात जातात. उरलेल्या वेळात जे येईल ते आपलं. कणकेचे गोळे टाकून मासे बोलवायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मी तो घेतला नाही. संस्थेला बघायचं होतं की मासे त्या झुडपात आपणहून येतात का, राहतात का, खातात काय. गोळ्यावर जमलेली गर्दी त्यातलं काहीच सांगत नाही.

आणि मग जे दिसलं ते मी आजही पुन्हा पुन्हा लावून बघतो. हायड्रिलाच्या एका दांडीवर झिंगा चढतो, पुढच्या बारीक पायांनी पानाच्या कडेवरचं शेवाळ खरवडतो, तोंडाशी नेतो, पुढच्या पानाकडे सरकतो. मागे एक थवा तरंगत थांबलेला, बोटाच्या पेरापेक्षा लहान मासे, अंगातून काटे आरपार दिसणारे. एकदम सगळे एका बाजूला वळतात, आणि फटीतून एक शिंगूर मासा मिशा पुढे करून येतो, भिंगाच्या काचेला मिशी लावतो, क्षणभर चौकट त्याच्या तोंडानं भरते. तो फोकसच्या आत असल्यानं धूसर आहे. तरी तो तुकडा मी काढला नाही.

हे चित्रीकरण समाजमंदिरात प्रोजेक्टरवर दाखवलं. ज्या बायकांनी ती झाडं लावली होती त्या पुढे बसल्या होत्या. मला जिथं नुसती सावली दिसली तिथं एका ताईंनी थांबवायला लावलं आणि म्हणाल्या, "भाऊ, मांगं घ्या. मरळ हाये थो, पानाखाली बसला हाये." मागे घेतलं, उजेड वाढवला, खरंच मरळ होता, अंगावरचे पट्टे पानांत मिसळलेले. त्यानंतर प्रत्येक चित्रीकरण आधी त्यांनाच दाखवतो. माझ्या नोंदवहीतली माशांची नावं त्यांनी सांगितलेली आहेत.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तलाव संस्थेच्या ताब्यात असतो, परवानगी घेतल्याशिवाय काहीही पाण्यात सोडू नका. नवेगावबांधसारखं पाणी तर संरक्षित वनक्षेत्रातलं, तिथं वनखात्याची लेखी परवानगी लागते. आणि हायड्रिलाच्या दाटीत पोहायला कधीही उतरू नका, पाय अडकतो. कॅमेरा डोंग्यातून सोडायचा आणि दोरीनं ओढून घ्यायचा. परत आणल्यावर केस बंद ठेवूनच स्वच्छ पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवायची, बटणं त्या पाण्यातच दाबून गाळ मोकळा करायचा, उन्हात न ठेवता सावलीत पुसून वाळवायची आणि झाकण खाली धरून उघडायची. कडेला थांबलेलं पाणी बाहेर पडतं, आत जात नाही.

नवीन माणसाला माझा सल्ला एवढाच की कॅमेरा जुना घ्या, सेकंडहॅंड घ्या, पण केस चांगली घ्या, दोन जादा बॅटऱ्या घ्या आणि ताटली रंगवा. ४के ऐवजी २.७के असलं तरी आमच्या पाण्यात फरक कळत नाही.

आता काकाजींना पलीकडचा काठ हवा आहे, कॉमन कार्पचा. तिथं वीतभरही दिसत नाही, तेव्हा नुसता कॅमेरा नेऊन उपयोग नाही. संस्थेनं बांबू रोवून, जाळं लावून एक तुकडा वेगळा करायचं ठरवलं आहे. त्यात आधी हायड्रिला लावायची, मासे बाहेर ठेवायचे आणि पाणी किती नितळ होतं ते ताटलीनं दर पंधरवड्याला मोजायचं. मोजमाप एका ताईंनी अंगावर घेतलं आहे. त्या बाजूला चिखल गुडघाभर आहे, माझी तिवई त्यात रुतेल. म्हणून पायांना रुंद पत्र्याच्या चकत्या लावून दुसरी बनवायला घेतली आहे.